यमुनाक्कांचा बोलता कोलू

आज दुपारी पाऊस आला, वीज गेली आणि कोपऱ्यातला यूपीएस कुईकुई करायला लागला. लगेच मला सुंडलाचा वास आला. खरं तर स्वयंपाकघरात काहीच शिजत नव्हतं. पण माझ्या डोक्यात या गोष्टींची गाठ पक्की बसली आहे. यूपीएस ओरडला की खोबरं आणि मोहरीची फोडणी घातलेले उकडलेले हरभरे आठवतात, आणि हरभरे आठवले की यमुनाक्का. माझा नवरा मिलिंद म्हणतो, टाकून दे तो डबा, त्याच्या बॅटरीत आता काही राहिलेलं नाही. बॅटरीत तेव्हाही फारसं काही नव्हतं. तरी मी तो टाकत नाही.

चेन्नईचा पाऊस आमच्या नाशिकच्या पावसाशी फटकून वागतो. तिकडे छत्र्या माळ्यावर जातात तेव्हा इकडे त्या बाहेर येतात. इथे आले त्या वर्षी ऑक्टोबरात वर्तमानपत्रात 'मान्सून येत आहे' असं वाचून मी खो खो हसले होते, आणि त्याच आठवड्यात ऑफिसची बस चुकवून गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन चालले होते. आता मला हा उशिरा येणारा पाऊस आवडतो. मोगरेवालीने टोपलीवर ओढलेला निळा प्लास्टिकचा कागद, तुंबलेल्या गटाराच्या आणि मोगऱ्याच्या वासाची मिसळ, वाळता न वाळणारे कपडे, भिंतीला सुटलेला ओलसरपणा. एरवी नवरात्र या पावसाच्या जरा आधी उरकून जातं. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी ते उशिरा आलं आणि दोघांची गाठ पडली.

तेव्हा आम्ही पेरांबूरला राहायचो. मिलिंदचा कारखाना गुम्मिडिपूंडीला, म्हणजे शहराच्या पार उत्तरेला, आणि माझं ऑफिस पेरुंगुडीला, म्हणजे पार दक्षिणेला. दोघांनाही सारखाच त्रास होईल अशी जागा आम्ही शोधून काढली होती. खाली घरमालक राहायचे. अण्णा आवडी नावाच्या गावातल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको म्हणजे यमुनाक्का. घर बघायला गेलो तेव्हा मी मिलिंदला हळूच म्हटलं, "मोरी जरा अंधारी आहे." त्यावर जिन्याखालून अक्कांचा आवाज आला, "बल्ब बदलून देतें की ग. एवढं मराठी बोलणारी आलीस, तुला अंधारांत ठेवूं काय?"

अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली ही माणसं, पण घरात अजून मराठी. आमच्याहून जुनी, तमिळ हेल काढत चाललेली. 'कुठे' नव्हे 'कोठे', 'सांगितलं' नव्हे 'सांगटलं', आणि मध्येच तमिळमधले 'अय्यो', 'सरी' म्हणजे बरं, 'परवाइल्ल' म्हणजे असू दे. आणि आवाज! भरलेला, खणखणीत, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भाजीवाल्याला गच्चीवरून उभं करणारा. अक्का घरात आहेत की नाहीत हे बघायला आम्हाला कधी खाली उतरावं लागलं नाही.

नवरात्रात त्यांच्या बैठकीच्या खोलीत कोलू मांडला जायचा. पांढरं धोतर अंथरलेल्या पायऱ्या आणि पायऱ्यांवर बाहुल्या. सगळ्यांत वर लाल लाकडाची राजाराणी, मग देव, मग लग्नाची वरात, वाणी आणि त्याची लठ्ठ बायको, मान डोलावणारी तंजावरची नाचरी. खाली मोहरी पेरून उगवलेल्या हिरव्यागार 'पार्का'त अण्णांनी स्वतः लाकडातून कोरलेला एक रणगाडा. देवादिकांच्या पायाशी रणगाडा कसा, असं मी पहिल्या वर्षी विचारलं तर अक्का म्हणाल्या, "ह्यांच्या कारखान्यांत तेच बनायचे. त्यानेंच घर चाललं की आमचं."

पण बाहुल्या मांडणं हे कोलूचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे बोलणं. रोज संध्याकाळी बायका येतात. त्यांना उंबऱ्यापासून 'ये, ये' म्हणत आत घ्यायचं, बसवायचं, जेवलीस का विचारायचं, बाहुल्यांच्या कथा सांगायच्या, त्यांना एक गाणं म्हणायला लावायचं, आपण एक म्हणायचं, मग हळदकुंकू, पानसुपारी आणि द्रोणात सुंडल. दारात आलेल्या सवाष्णीला 'ये' म्हणायला घरच्या बाईला क्षणाचाही उशीर होता कामा नये, हा अक्कांचा कायदा. मुकी माणसं असलेल्या घरात बाहुल्यासुद्धा बसत नाहीत, असं त्या म्हणायच्या.

आणि त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी थांबू नका म्हणून सांगितलं आणि तारीख दिली ती नेमकी सर्वपित्री अमावास्येची. मी आणि मिलिंद चपापलो. अमावास्येला ऑपरेशन? अण्णा शांतपणे म्हणाले, "इकडे अमावास्या चांगली. नवीन काम धरायला चांगला दिवस." अक्कांना ना ऑपरेशनची भीती होती ना अमावास्येची. डॉक्टरांनी शेवटी सांगितलेली गोष्ट त्यांना टोचत होती. आवाजाची शीर गाठीला खेटून आहे, आम्ही जपू, पण आवाज बदलू शकतो. दसऱ्यापर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. दसऱ्याला तोंड उघडा, मग कळेल कसा आवाज येतो ते.

"मग घरांत ये म्हणून कोण म्हणेल?" अक्का म्हणाल्या.

"मी म्हणतो," अण्णा म्हणाले.

अण्णा देवमाणूस, पण त्यांचं 'या' म्हणजे कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेतल्यासारखं. या वर्षी कोलू राहू दे, असं त्यांनी सुचवून बघितलं. अक्का उठल्या, आणि जिना चढून माझ्या घरात येऊन बसल्या. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मी म्हटलं, "अक्का, तुमच्या आवाजातच सगळ्यांना ये म्हणू. माझ्यावर सोडा."

असं छातीठोक बोलायची मला सवय आहे. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. चुका काढणाऱ्याने चाचरून चालत नाही. शिवाय आमच्याकडे नवा डिजिटल कॅमेरा होता, टेबल अडवून बसलेला पेटाऱ्याएवढ्या मॉनिटरचा कंप्युटर होता, आणि त्या कंप्युटरवर फोटोंची गोष्ट करायचा एक फुकटातला प्रोग्रॅम होता. फोटो ओळीने लावायचे. प्रत्येक फोटोखाली एक लाल बटण. ते दाबायचं आणि माईकमध्ये बोलायचं. पुन्हा दाबलं की आवाज त्या फोटोला चिकटला. तुम्ही जितका वेळ बोलाल तितका वेळ तो फोटो पडद्यावर थांबणार. तुमचं बोलणं संपलं की तो हळूच विरून पुढचा येणार.

हा नियम मला तेव्हाही फार आवडला होता, अजूनही आवडतो. नुसता फोटो बघायला आपण किती वेळ देतो? अल्बमची पानं भराभर उलटतो आणि चहाला उठतो. पण फोटोबद्दल कोणी बोलायला लागलं की आपल्याला थांबावंच लागतं. नाशिकच्या घरी अल्बम निघाला की आमची आत्या एकेका फोटोवर बोट ठेवून बसायची, आणि ती बोट उचलेपर्यंत पान उलटायची कोणाची छाती नव्हती. ते बोट प्रोग्रॅममध्ये आणून बसवणारा माणूस अल्बम बघतच मोठा झाला असणार.

बाहुल्या ट्रंकेतून बाहेर निघाल्या. जुन्या तमिळ वर्तमानपत्रांत आणि अण्णांच्या फाटक्या धोतरांत गुंडाळलेल्या. एकेक सोडवायची, ओल्या फडक्याने पुसायची, खिडकीजवळ चादरीवर ठेवायची आणि मी फोटो काढायचा. आभाळ भरून आलेलं, त्यामुळे उजेड मऊ आणि सारखा. नाचरीची मान हलायची थांबेना, म्हणून तिचा प्रत्येक फोटो हललेला. शेवटी अक्कांनी तिच्या डोक्यावर एक बोट ठेवलं. त्या फोटोत ते बोट आहे, मी कापलं नाही.

रेकॉर्डिंगला बसायच्या आधी अक्का आरशासमोर गेल्या आणि कुंकू नीट करून, मोगरा माळून आल्या. मी म्हटलं, "अक्का, फक्त आवाज येणार आहे. कुंकू दिसणार नाही."

"मला ठाऊक अहे की लावलं म्हणून. तें आवाजांत येतं."

पंख्याचा आवाज येत होता म्हणून तो बंद केला. मग दोघी घामाने निथळायला लागलो. शेजारचा कुकर शिट्ट्या देत होता, कोपऱ्यावरच्या देवळाने भोंगा लावला होता, आणि वाण्याचा फोटो अर्ध्यावर आला असताना वीज जाऊन यूपीएस कुईकुई करू लागला. तो आवाज त्या फोटोला कायमचा चिकटला. वाणी बोलतोय असं वाटतं. मी तो पुन्हा करूया म्हटलं तर अक्का म्हणाल्या, "असूं दे, त्याच्या दुकानांत उंदीर अहे."

खरी पंचाईत निराळीच झाली. पहिला फोटो सगळ्या पायऱ्यांचा होता, गेल्या वर्षीचा. बटण दाबलं आणि अक्का माईकला म्हणाल्या, "ये, ये ग. अशी पंख्याखाली बस. पाणी घे. जेवलीस का?" आणि गप्प. मी वाट बघतेय. अक्का माईककडे हसऱ्या चेहऱ्याने बघताहेत. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "सरी, सरी. आतां वरच्या पायरीवर बघ."

मी बटण बंद केलं. "अक्का, मध्येच का थांबलात?"

"तिने उत्तर द्यायला नको काय?"

"कोणी?"

"आलेलीने."

"अहो, समोर कोणी नाही. माईक आहे."

"येणार अहे की," अक्का म्हणाल्या.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. 'तुझी सासू बरी अहे काय?' आणि शांतता. 'हें लुगडं कोठे घेतलंस?' आणि शांतता. त्या प्रोग्रॅममध्ये मधला तुकडा कापायची सोय नव्हती. असेल तसं ठेवा, नाहीतर सगळं पुन्हा बोला. मी माझ्या धंद्याला जागून समजावून सांगितलं की पडदा असा मुका राहिला तर बघणाऱ्याला वाटतं, कंप्युटर अडकला.

"विचारलं, आणि ऐकायच्या आधीं पुढे निघून गेलं, तर ती विचारपूस नव्हे ग वसु," अक्का म्हणाल्या. "तें अडकलेलंच बरं."

सगळ्या शांतता तशाच राहिल्या. शेवटी मी हौसेने एक काळा पडदा करून त्यावर 'समाप्त' असं लिहिलं, तोही अक्कांनी काढायला लावला. कोलूला समाप्त म्हणत नाहीत, पुढल्या वर्षी ये म्हणतात. मग तसं म्हणून घेतलं. सगळे तुकडे जोडताना 'तयार होत आहे' म्हणत पडद्यावरची हिरवी पट्टी इतकी रेंगाळली की मिलिंद गुम्मिडिपूंडीहून येऊन, अंघोळ करून, जेवून झाला तरी ती पुढे सरकतच होती.

ऑपरेशन नीट झालं. पायऱ्या मी आणि अण्णांनी लावल्या. अक्का दुसऱ्याच दिवशी घरी आल्या तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि हातांनी बोलणं सुरू झालं होतं. राजा डावीकडे की उजवीकडे हे त्यांनी दारातूनच बोट दाखवून दुरुस्त केलं. आमचा कंप्युटर यूपीएससकट खाली आला आणि कोलूच्या शेजारी स्टुलावर बसला. मॉनिटरवर जरीचं कापड, कपाळाच्या जागी गंध. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून माऊसवर हात ठेवून तयार.

सगळ्यांत आधी शेजारच्या पद्मा मामी आल्या. अण्णांनी क्लिक केलं. "ये, ये ग. अशी पंख्याखाली बस." मामी दचकल्या, मग पंख्याखाली बसल्या. "पाणी घे. जेवलीस का?" मी स्वयंपाकघराच्या दारात सुंडलाचा द्रोण घेऊन उभी. मामींनी पडद्याकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "सापटाच्चु, अक्का." जेवले. आणि पडद्यातल्या अक्का म्हणाल्या, "सरी, सरी. आतां वरच्या पायरीवर बघ."

मला इतका आनंद झाला की द्रोण कलंडून हरभरे जमिनीवर गेले. त्यानंतर रोज हेच. बायका यायच्या, विचारलेल्याला उत्तरं द्यायच्या, कोणी तमिळमधून, कोणी तेलुगूमधून. सासूची तब्येत सांगायच्या, लुगड्याचं दुकान सांगायच्या. सगळं बरं आहे, जेवण झालं आहे, काही नको. आयुधपूजेच्या दिवशी तेवढा अण्णांनी हट्ट धरला. त्या दिवशी यंत्रं पुसून, कुंकू लावून पूजेत ठेवायची, चालवायची नाहीत. आवडीच्या कारखान्यात उभ्या हयातीत त्यांनी हा नेम पाळलेला. अक्कांनी आधी स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं, मग कंप्युटरकडे. हे यंत्र नव्हे, हा माझा गळा. अण्णांनी मुकाट्याने क्लिक केलं.

पण माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली होती. आलेल्या बायका पडद्याकडे बघून बोलायच्या. अक्का बाजूच्या खुर्चीत बसून हळदकुंकू लावायच्या, हसायच्या, मान डोलवायच्या. नाचरीही तशीच डोलत असायची. त्यांच्या घरातला तो खणखणीत आवाज आता स्टुलावर बसला होता, आणि अक्का त्याच्याकडे पाहुण्यासारख्या बघायच्या.

दसऱ्याच्या सकाळी बोलायची मोकळीक होती. अक्का बोलल्या नाहीत. अण्णांनी कॉफी दिली, म्हणाले, "आतां बोल की ग." त्यांनी मान हलवली. मी ऑफिसला रजा टाकली होती, दुपारी खाली जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मला सगळं समजलं. समोर त्यांचाच जुना आवाज होता, भरलेला, मोगरा माळलेला. त्याच्यापुढे नवा कसला निघेल याची त्यांना भीती वाटत होती. मला आयुष्यात कशाचीच फारशी भीती वाटत नाही, पण त्या दुपारी वाटली. या बाई आता कधी बोलल्याच नाहीत तर?

संध्याकाळी पाऊस असा कोसळला की रोजच्या बायका आल्याच नाहीत. मी माझ्या ऑफिसातल्या सायलीला बोलावलं होतं. ती नागपूरची, नुकतीच लग्न होऊन पेरुंगुडीला राहायला आलेली, अक्कांना कधी न पाहिलेली. एवढ्या पावसात तीही येणार नाही असं वाटत असतानाच रिक्षा थांबल्याचा आवाज झाला. अण्णांनी घाईने क्लिक केलं. "ये, ये ग. अशी पंख्याखाली बस. पाणी घे." तेवढ्यात वीज गेली. यूपीएस कुई म्हणाला, पुन्हा एकदा कुई म्हणाला आणि मेला. पडदा काळा. पायऱ्यांवर समईचा उजेड तेवढा राहिला.

उंबऱ्यात सायली उभी. पदरातून पाणी गळतंय. तिने आतला आवाज ऐकला होता आणि तो मध्येच तुटला होता. तिला आत कोणीच दिसत नव्हतं.

"मी येऊ का आत?" तिने विचारलं.

माझे दोन्ही हात सुंडलात. अण्णा काड्यापेटी शोधताहेत. मी तोंड उघडलं, पण या घरात 'ये' म्हणणारं माणूस मी नव्हते. दारात सवाष्ण उभी होती आणि घर मुकं होतं. ते दोन क्षण मला अजून आठवतात.

मग खुर्चीच्या बाजूने काहीतरी खरखरलं. पाट्यावर कोरडाच वरवंटा ओढल्यासारखं.

"ये," तो आवाज म्हणाला. थांबला. घोट गिळल्याचं मला ऐकू आलं. "ये ग अम्मा. आंत ये. भिजलीस की सगळी."

अण्णांच्या हातातली काडी पेटली आणि तशीच जळत राहिली. सायली आत आली, चाचपडत खाली बसली. तो जाड, फाटका, अजिबात ओळखीचा नसलेला आवाज तिला म्हणाला, "जेवलीस का?"

आणि अक्का थांबल्या. माईकसमोर थांबायच्या तितक्याच.

नऊ दिवस सगळ्यांनी पडद्याला 'जेवले' म्हणूनच सांगितलं होतं. सायली जरा संकोचली आणि म्हणाली, "नाही हो अजून. ऑफिसातून तशीच आले."

"मग इथेंच जेव. वसु, पान घे. अहो, ती काडी टाका, बोट भाजेल."

मी पान घेतलं. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि ते अंधारामुळे नव्हे. अक्कांनी भात वाढला, सार वाढलं, सायलीची सासू बरी आहे का ते विचारलं, लुगडं कोठे घेतलं ते विचारलं. प्रत्येक प्रश्नाला आवाज कुठेतरी चिरकत होता, एखादा शब्द निम्माच निघत होता, आणि अक्का तो पुन्हा उचलून पुढे जात होत्या. सायली घरची आठवण येते म्हणून सांगायला लागली. राजाराणीकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

जेवण होत आलं आणि वीज आली. अण्णा शिस्तीचे. त्यांनी कंप्युटर चालू केला, तो सगळा उघडेपर्यंत धीराने वाट बघितली, आणि अर्धवट राहिलेलं काम पहिल्यापासून लावलं. खोलीभर तो जुना, भरलेला, सुरेख आवाज पसरला. "ये, ये ग. अशी पंख्याखाली बस."

सायली गोंधळून पडद्याकडे वळली. अक्कांनी भाताचं पातेलं कडेवर घेतलं, तिच्या आणि पडद्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, आणि त्या नव्या खरखरीत आवाजात अण्णांना म्हणाल्या,

"अहो, तिला बंद करा. मी अहें की घरांत."